जुने झाड टाकण्यापूर्वी त्याची मुळे पाहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळा अर्ध्यावर आला की पुण्यातल्या अनेक सोसायट्यांच्या कचऱ्याच्या डब्यांशेजारी कुंडीसकट टाकलेली झाडे दिसू लागतात. कधी रबराचे झाड असते, कधी अरेका पाम, कधी अनंत, तर कधी ब्रह्मकमळ. त्यांतली काही झाडे एकाच घरात कित्येक वर्षे वाढलेली असतात, हे त्यांच्या खोडाच्या जाडीवरूनच कळते. झाड मेले असे समजून ती टाकून दिलेली असतात. पण खोडाची साल नखाने हलकेच खरवडली, तर बरेचदा आत ओलसर हिरवा थर दिसतो. म्हणजे झाड जिवंत असते आणि बिघाड असतो तो कुंडीच्या आत, मुळांपाशी, जिथे कोणी पाहिलेलेच नसते. घरातल्या जुन्या झाडाच्या दुखण्याचे निदान पानांवरून न करता कुंडी उपडी करून, मुळे पाहून करावे आणि ती पाहिल्याशिवाय झाडाला पाणी, खत किंवा औषध यांपैकी काहीही वाढवून देऊ नये, हे आपल्या वाचकांसमोर मांडण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

मुळे पाणी शोषतात, हे सर्वांना ठाऊक असते. ती श्वासही घेतात आणि त्यासाठी त्यांना मातीच्या कणांमधल्या हवेतला प्राणवायू लागतो, ही गोष्ट मात्र विसरली जाते. शेतकरी पाऊस उघडल्यावर वाफसा येण्याची वाट पाहतो. जमिनीत ओल आणि हवा दोन्ही पुरेशी असल्याखेरीज तो पेरणीला हात घालत नाही. कुंडीला ही सवलत मिळत नाही. तिथे वाफसा आला आहे की नाही हे न पाहता रोज सकाळी ठरलेल्या वेळी तांब्याभर पाणी पडते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की प्राणवायूची वाट बंद होते, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायूचा प्रसार सुमारे १०,००० पट सावकाश होतो. मुळांची टोके आणि केशमुळे सर्वांत आधी गुदमरतात. मग अशा दुबळ्या मुळांवर पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे सूक्ष्म जीव हल्ला करतात. आल्याची कंदकूज आणि संत्र्यावरचा डिंक्या यांमुळे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ते चांगलेच परिचित आहेत. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात, त्यामुळे साचलेले पाणी हा त्यांचा मुळांपर्यंत जाण्याचा राजमार्ग ठरतो.

यापुढे जे घडते तिथेच बहुतेक जुनी झाडे गमावली जातात. मुळे कुजली की झाडाला पाणी शोषता येत नाही आणि भोवती ओलीचिंब माती असूनही ते तहानलेले राहते. पाने मलूल होऊन लोंबतात, कडा तपकिरी पडतात, खालची पाने पिवळी होऊन गळतात. पाण्याच्या कमतरतेने दिसणारी लक्षणेही हीच. घरातली काळजी घेणारी व्यक्ती साहजिकच आणखी पाणी घालते, फरक पडला नाही की खत घालते, आणि त्या दोन्हींमुळे उरलेली मुळेही जातात. हे सारे मायेपोटी होते, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. दुर्लक्षाने वाळलेल्या झाडांपेक्षा अतिकाळजीने कुजलेली झाडे मी शेजारीपाजारी अधिक पाहिली आहेत. म्हणून पहिली सवय लावायची ती बोट मातीत दोन पेरे खोल घालून पाहण्याची. आत ओल असेल आणि तरीही पान मलूल असेल, तर पाणी कमी पडणे हे कारण नाही, मुळे बिघडली आहेत असे समजावे.

पुण्यात या दुखण्याला काही स्थानिक कारणांचीही जोड मिळते. मे महिन्यात पारा चाळिशीजवळ असताना रोज लागणारे पाणी जुलैत लागत नाही. आठवडा आठवडा ऊन नसते, हवेत दमटपणा असतो, बाष्पीभवन मंदावते, तरी पाणी घालण्याचा क्रम तोच राहतो. दुसरे कारण पुनर्विकासाचे आहे. एरंडवणे, कोथरूड, सहकारनगर या भागांतल्या जुन्या इमारती पाडल्या जात आहेत आणि अंगणात, ओट्यावर किंवा मोकळ्या गच्चीत वाढलेली झाडे आधी भाड्याच्या घरात आणि नंतर काचेच्या सरकत्या खिडक्यांनी बंद केलेल्या बाल्कनीत जात आहेत. उजेड कमी झाला की झाडाची वाढ मंदावते आणि त्याला पाणीही कमी लागते. जुन्या जागी योग्य असलेले पाणी नव्या जागी मूळकूज घडवून आणते. माणसांनी घर बदलले तर झाडाचेही घर बदलले, हे ध्यानात घेऊन पहिल्या काही महिन्यांत पाण्याचे प्रमाण नव्याने ठरवायला हवे.

रोपवाटिकांकडून येणाऱ्या झाडांची अडचण थोडी वेगळी आहे. वाहतुकीला हलके पडावे म्हणून अनेक रोपे निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात, वाढवलेली असतात. कोकोपीट पाणी फार धरून ठेवते, आणि वरचा थर कोरडा दिसत असताना आतला गोळा ओलाच असतो. अशी हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा हा गोळा, न सोडवता तशीच मोठ्या कुंडीत, भोवती काळी माती दाबून बसवली, तर आतले माध्यम आणि बाहेरची माती यांची ओल कधीच एकसारखी राहत नाही. काळी माती कुंडीसाठी एरवीही चांगली नाही. ओली असताना ती चिकट होते आणि वाळली की तडकून मुळे तोडते. बिनछिद्रांच्या चकचकीत शोभेच्या कुंड्यांबद्दल तर काय सांगावे? ज्या भांड्यातून पाणी बाहेर जाऊच शकत नाही, त्यात झाड लावून ते विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका सर्रास सल्ल्याबद्दल इथेच लिहिते. निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खडे किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर द्यावा, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून छिद्रावर खापरीचा एक बाकदार तुकडा ठेवणे योग्यच आहे, परंतु जाड थराने निचरा सुधारत नाही. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून भरेपर्यंत ते तिथेच थांबते. ओल्या स्पंजाखाली खडे ठेवल्याने स्पंज कोरडा होत नाही. खड्यांच्या थरामुळे कुंडीतला कायम ओला राहणारा भाग उलट वर, मुळांच्या दिशेने सरकतो. निचरा सुधारायचा तर मातीच भुसभुशीत करावी लागते.

पाण्याच्या प्रतीबद्दलही दोन वाक्ये. ज्या सोसायट्या कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या पाण्यावर अवलंबून आहेत, तिथे जुन्या कुंड्यांच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर जमलेला दिसतो. ते साठलेले क्षार असतात आणि त्यांनी मुळांची टोके जळतात. पावसाळ्यात चांगला निचरा असलेली कुंडी एखाद्या दमदार सरीखाली ठेवून धुऊन घेतली, तर हा क्षार बराच वाहून जातो.

आता प्रत्यक्ष उपचाराकडे वळते. झाड कुंडीतून काढण्यासाठी खोड धरून ओढू नये. कुंडी आडवी करून बाजूंवर हलके ठोके द्यावेत, कडेने लांब सुरी फिरवावी आणि इतके करूनही हुंडी सुटली नाही तर कुंडी फोडावी. मातीच्या कुंडीसाठी जुने झाड घालवू नये. कसब्यातल्या कुंभारवाड्यात दुसरी कुंडी मिळते, तीस वर्षांचे झाड मिळत नाही. हुंडी बाहेर आली की आधी वास घ्यावा. निरोगी मातीला पहिल्या पावसानंतरच्या जमिनीचा वास येतो, कुजलेल्या हुंडीला गटारासारखी दुर्गंधी येते. मग माती झटकून, उरलेली संथ पाण्याने धुऊन मुळे मोकळी करावीत. निरोगी मूळ बहुधा पांढरे किंवा मळकट पिवळसर आणि हाताला टणक लागते. काही झाडांची मुळे जात्याच तपकिरी किंवा केशरट असतात, तेव्हा केवळ रंगावर जाऊ नये. कुजलेले मूळ ओळखण्याची खूण अशी, की ते चिमटीत धरून ओढले असता त्याची बाहेरची साल पायमोज्यासारखी निघून येते आणि हातात फक्त दोऱ्याएवढा गाभा उरतो.

कधीकधी कूज नसतेच. कुंडी फोडल्यावर माती जवळजवळ दिसत नाही आणि मुळांचाच एक घट्ट गोळा कुंडीचा आकार घेऊन बाहेर येतो. वर्षानुवर्षे कुंडी न बदललेल्या झाडांत हे नेहमी आढळते. अशा गोळ्यात पाणी मुरतच नाही, ते कडेने वाहून जाते आणि झाड भर पावसातही उपाशी राहते. गोळ्याच्या कडेला गोल गोल फिरलेली मुळे सोडवावीत, न सुटणारी कापावीत, आणि तळाची चटई बेलाशक काढून टाकावी. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमींची, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या अतिसूक्ष्म कृमींची, शंका घ्यावी. अनंत आणि तुळस यांच्यावर त्या पुष्कळदा असतात आणि ती माती पुन्हा वापरू नये. मातीत पांढरी, वाकडी, तपकिरी डोक्याची अळी सापडली तर ती हुमणी असू शकते. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून ती येते आणि मुळे खाते. मात्र जमिनीवर ठेवल्यावर जी अळी पाठीवर उताणी होऊन सरपटते, ती एका फुलभुंगेऱ्याची असते आणि मुख्यतः कुजलेले खतच खाते. तिला मारण्याचे कारण नाही.

कुजलेली मुळे कापताना हात आखडता घेऊ नये. सिकेटर किंवा कात्री स्पिरिटने पुसून घ्यावी, टणक निरोगी भाग लागेपर्यंत कापावे आणि मधूनमधून पाते पुन्हा पुसावे. मुळे जितकी गेली, साधारण त्या प्रमाणात वरचा पसारा कमी करावा, कारण उरलेल्या थोड्या मुळांना पूर्वीइतक्या पानांची तहान भागवता येत नाही. ही छाटणी करताना माणसे हळहळतात, आणि ते मी समजू शकते. तरीही ती टाळली तर झाड स्वतःच पाने टाकते, आणि कोणती टाकायची हे मग आपल्या हाती राहत नाही. रबर, शेर, डिफेनबाखिया यांचा चीक किंवा रस त्वचेला व डोळ्यांना त्रासदायक असतो, तेव्हा हातमोजे घालावेत आणि मुलांना दूर ठेवावे.

नवी कुंडी मोठी घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल अशीच कुंडी हवी, मग ती आधीच्या कुंडीपेक्षा लहान असली तरी चालेल. मुळे नसलेली जादा माती नुसती ओली राहते आणि कूज पुन्हा सुरू होते. सच्छिद्र, भाजलेल्या मातीची कुंडी उत्तम. लाल माती किंवा पोयटा, जाडसर वाळू अथवा विटांचा बारीक चुरा आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण करावे. आजारी झाडासाठी त्यात खताचा वाटा अगदी थोडा आणि वाळू-चुऱ्याचा वाटा जास्त ठेवावा. जुनी माती परत भरू नये. लावल्यावर एकदा पाणी तळातून निथळेपर्यंत द्यावे, आणि त्यानंतर वरचा थर सुकेपर्यंत थांबावे. झाड उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवावे. नवी पालवी फुटून स्थिरावेपर्यंत कोणतेही खत देऊ नये. मुळे अपुरी असताना दिलेले खत मातीतल्या पाण्यात क्षार वाढवते आणि झाडाला पाणी घेणे आणखी कठीण करते. या काळात आठवडेच्या आठवडे काहीच घडताना दिसत नाही. झाड आधी जमिनीखाली काम करते. जोवर खोड टणक आहे तोवर धीर सोडू नये आणि मुळे फुटली का हे पाहण्यासाठी ते उपटूनही पाहू नये.

औषधांबद्दल माझा अनुभव असा, की दुकानात ‘बुरशीनाशक द्या’ असे मोघम मागितले की बरेचदा कार्बेन्डाझिम हाती पडते. काही खऱ्या बुरशींवर ते चालते, पण पिथियम आणि फायटोप्थोरा या बुरशीसारख्या दिसणाऱ्या, पण खऱ्या बुरशी नसलेल्या गटावर त्याचा परिणाम होत नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ते तीन ग्रॅम या प्रमाणात मातीत ओतण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि ती उपयोगी पडते. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी असलेले जैविक औषध नव्या मातीत आधीपासून मिसळलेले असेल तर संरक्षण देते, मात्र ही दोन्ही एकाच वेळी वापरू नयेत. मेलेले मूळ यांपैकी कशानेही जिवंत होत नाही. चहाचा चोथा, दूध, ताक, हळद यांचे जे प्रयोग सध्या मोबाइलवर फिरत आहेत, ते आजारी मुळांवर करू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे; ओल्या मातीत न कुजलेले सेंद्रिय पदार्थ घातले की ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही वापरला जातो.

ब्रह्मकमळाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण पुण्यातल्या घरांत आजीकडून नातीकडे आलेले झाड बहुधा हेच असते. आपल्या घरांत पावसाळी रात्री फुलणारे हे झाड म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले एक निवडुंग आहे. हिमालयातल्या ब्रह्मकमळाशी त्याचे नाते नाही. मूळ ठिकाणी ते जमिनीत वाढत नाही, मोठ्या वृक्षांच्या बेचक्यांत साठलेल्या पालापाचोळ्यात मुळे रोवून राहते. त्याच्या मुळांना मोकळ्या हवेची सवय असते आणि आपण त्याला घट्ट मातीत बसवून पावसात ठेवतो. बुडाशी खोड मऊ आणि काळपट झाले असेल, तर मुळे वाचवण्याच्या खटपटीत वेळ घालवू नये. वरचे टणक, पानासारखे दिसणारे चपटे खोड वीतभर लांबीचे कापावे, काप सावलीत आठवडाभर सुकू द्यावा आणि मग वाळू, नारळाच्या सोडणाचे तुकडे व थोडे पानांचे खत अशा मोकळ्या मिश्रणात कापलेले टोक उभे रोवावे. ते नवे रोप जुन्या झाडाचाच अंश असते, त्यात कसलाही फरक नसतो.

इतर झाडांनाही अशी शेवटची संधी देता येते. मनी प्लांटचे पेर असलेला तुकडा पाण्यातही मुळे धरतो. रबराचे बूड खराब होऊ लागले असेल आणि शेंडा अजून सतेज असेल, तर पावसाळ्याच्या दिवसांत गुटी कलम बांधून, म्हणजे फांदीला झाडावरच मुळे फोडवून, वरचा भाग स्वतंत्र करता येतो. स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडे रुजतात, पण पिवळ्या काठाच्या जातीचे असे तुकडे लावले तर नवी रोपे साधी हिरवी निघतात. काठ टिकवायचा असेल तर जमिनीखालच्या गड्ड्याचा फुटवाच वेगळा करावा लागतो.

या सर्वांसाठी कौशल्य फारसे लागत नाही, वेळेवर कोणीतरी दाखवून द्यावे लागते. सोलापूर रस्त्यावर मांजरीपासून उरुळी कांचनपर्यंत एवढ्या रोपवाटिका आहेत, शिवाजीनगरला १९०७ पासूनचे कृषी महाविद्यालय आहे, दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते आणि त्याला गर्दी लोटते. तरीही आजारी झाड घेऊन जावे आणि त्याची मुळे जाणत्या माणसाने पाहावीत, अशी सोय सामान्य पुणेकराच्या सहज हाताशी नाही. प्रदर्शनात बक्षीसपात्र झाडांच्या शेजारी एक टेबल दुरुस्तीला आलेल्या झाडांचेही असावे, जिथे कुंडी उपडी करून मुळे कशी पाहायची आणि कुठे कापायचे हे लोकांना प्रत्यक्ष दिसेल. रोपवाटिकांनी रोप विकताना ते कोणत्या माध्यमात वाढले आहे आणि कुंडी केव्हा बदलावी, एवढे मराठीत लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी. डेंगीच्या डासांसाठी कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा, असे महापालिकेचे आरोग्य कर्मचारी घरोघर सांगतात. त्याच ताटलीतले पाणी मुळेही कुजवते, हेही त्यांनी सांगितले तर लोक ताटली अधिक मनापासून रिकामी करतील. आणि पुनर्विकासाला जाणाऱ्या सोसायट्यांनी सामान हलवण्याच्या यादीत झाडांचा समावेश करून, ज्यांना ती नेणे शक्य नाही त्यांची झाडे परिसरातल्या शाळांना किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाला देण्याची व्यवस्था इमारत रिकामी करण्यापूर्वीच करावी, अशी विनंती मी आपल्या दैनिकाच्या माध्यमातून संबंधितांना करते.

कळावे,

आपली नम्र,
एक वाचक, एरंडवणे, पुणे